एका कोंबडीत अख्खं घर

भाद्रपदात गौरी घरी येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मखरापाशी एक पडदा लागतो. पडद्याच्या एका बाजूला गणपती आणि त्याच्यापुढे मोदक. दुसऱ्या बाजूला गौर, आणि तिच्या केळीच्या पानावर वडे, भात आणि कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा. खाडीकाठच्या गावांत जोडीला चिंबोऱ्याही असतात. गौर ही माहेरवाशीण. वर्षातून एकदा येते, दोन दिवस राहते, तेव्हा घरात जे सगळ्यात चांगलं असेल ते तिच्या पानात पडलंच पाहिजे. ब्राह्मणाघरी तो मान घावन-घाटल्याला मिळतो. कुणबी, मराठा, भंडारी, खारवी अशा पुष्कळ घरांत तो कोंबडीला मिळतो. गावाकडची माणसं याला तिखटा सण म्हणतात.

कोंबडी-वड्यांचा इतिहास या पानापासूनच सुरू करावा लागतो. आज मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणपासून राजापूरपर्यंत हॉटेलामागून हॉटेलावर कोंबडी-वड्यांची पाटी दिसते, आणि कोकणी माणूस हे रोजच खात आला असा प्रवाशाचा समज होतो. तसं कधीच नव्हतं. वडे तळायला तेल लागतं, उडीद लागतो, धणे-मेथी लागते, आणि कोंबडी म्हणजे तर चालतीबोलती पुंजी. हे सगळं एकत्र जुळून येण्याचे दिवस वर्षात मोजकेच. शिमग्यात पालखी अंगणात नाचून गेली की एक. आषाढ सरताना, श्रावण लागायच्या आत एक. गौरीचा एक. राखणेचा एक. मध्येच जावई आला किंवा मुंबईहून चाकरमानी उतरला तर आणखी एखादा.

आषाढअखेरीच्या या जेवणाची ओढ किती होती, याची एक दुःखद खूण इतिहासात आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दीप अमावस्येच्या तोंडावरचा तो दिवस होता. सणाला घरी पोचायचं म्हणून निघालेले कितीतरी कुलाबा जिल्ह्यातले लोक त्या बोटीत होते. रत्नागिरीच्या बोटी पावसाळ्यात बंदच असत, त्यामुळे तिकडच्या चाकरमान्याला आषाढाची कोंबडी मुंबईतच खावी लागे.

राखणेची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण हा सगळा स्वयंपाक एका टोपात कसा होतो ते तिथे दिसतं. शेताचा, वाडीचा, गावाच्या वेशीचा एक राखणदार असतो, अशी कोकणात श्रद्धा आहे. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा. दिवस गावोगाव वेगळा. गाऱ्हाणं घातलं जातं, कोंबडा दिला जातो, आणि मग तिथेच, झाडाखाली तीन दगड मांडून, तो शिजवला जातो. बऱ्याच गावांत हा पुरुषांचा स्वयंपाक. आलं, लसूण, मिरची, खोबरं असं सगळं वाटण घरून बांधून आणलेलं असतं. एका मोठ्या टोपात कोंबडा, त्यात वाटण, त्यात पाणी. घरून आलेल्या तांदळाच्या भाकऱ्या पानावर मोडायच्या आणि वरून रस्सा ओतायचा. जेवण तिथेच संपवायचं, उरलेलं घरी न्यायचं नाही, असा पुष्कळ ठिकाणी दंडक. कोंबडा एक आणि माणसं पंधरा-वीस असली तरी कोणी उपाशी उठत नाही. भाकरी रस्सा पिते आणि पोट भरतं.

कोकणातल्या कोंबडीच्या जेवणाचा पाया हाच आहे: थोडं मांस, पुष्कळ रस्सा, आणि तो रस्सा शोषून घेणारं धान्याचं काहीतरी.

असं का झालं, हे जमिनीकडे पाहिलं की कळतं. रत्नागिरी हा कातळाचा आणि उताराचा मुलूख. पाऊस सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या वर, पण तो सडे धुऊन खाडीला जातो. खाचरांत भात, डोंगरउतारावर नाचणी, वरी, हरीक. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला, तो रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. दाट वस्ती, अपुरी जमीन, आणि पलटणीत किंवा मुंबईत कामाला जाणारे लोक हे जिल्ह्याचं चित्र तेव्हाच पक्कं झालेलं होतं. रोजचं जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, पेज, कुळथाचं पिठलं, मिळाली तर सुकी मासळी. तांदूळसुद्धा सगळ्यांच्या ताटात रोज नसे.

कोंबडी मात्र गरिबाच्या घरीही असे. ती काही मागत नाही. सकाळी खुराड्यातून सुटते, परड्यात किडे-दाणे टिपते, संध्याकाळी परत येते. कोंबड्या घरातल्या बाईच्या असत. अंडी विकून येणारे पैसे तिचे, पिल्लं वाटणीला द्यायची ती तिच्या मर्जीने. मानमोडीची साथ आली की आठवड्यात खुराडं रिकामं व्हायचं आणि बाईची सगळी शिल्लक जायची. अशा घरात कोंबडी कापणं हा निर्णय असतो. गावठी कोंबडी पिसं काढून, साफ करून जेमतेम सव्वा किलो भरणार, आणि घरात माणसं दहा-बारा. तुकड्यांवर भागणारच नाही. म्हणून सगळी अक्कल रश्शात ओतली गेली.

आणि ती अक्कल खरोखर मोठी आहे. कोंबडीची पिसं काढून झाली की तिला हळद चोळून जाळावर धरतात. बारीक लव जळते, कातडी ताणते, तिला धुराचा वास लागतो. कातडी काढून टाकत नाहीत, कारण रश्शावर येणारी तर्री तिच्यातूनच सुटते. मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं हिरवं वाटण लावून तुकडे बाजूला ठेवायचे. दुसरीकडे कांदा आणि खोबरं चुलीवर खरपूस भाजायचं, पाट्यावर धणे-मिरीबरोबर गंधासारखं वाटायचं. ओल्या नारळाचा रस निराळा काढायचा: पहिल्या पिळणीचा जाड, दुसऱ्या पिळणीचा पातळ. कोंबडी शिजते ती पातळ रसात आणि पाण्यात, वायलावर, मंद आचेवर. गावठी कोंबडीला तास-दीड तास सहज लागतो. त्या वेळात हाडांना आणि सांध्यांना धरून असलेला चिकट भाग विरघळून रश्शात उतरतो आणि रश्शाला अंग येतं. वाटण नंतर. जाड रस सगळ्यात शेवटी, टोप चुलीवरून उतरवताना. नारळाच्या रसात तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवणारी प्रथिनं असतात. रस खदखदला की ती आकसतात, तेल वेगळं होतं आणि रस्सा फुटतो. कोकणातल्या बाईला हे कारण कोणी शिकवलं नव्हतं, पण रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही हा नियम तिने कधी मोडला नाही. दुधावरच्या सायीने जो गुळगुळीतपणा येतो तो इथे नारळाने येतो. गाईगुरं होती, पण दूध बेताचंच, आणि माड मात्र परड्यात उभा.

आता वडे. जाडा तांदूळ धुऊन सुकवायचा. त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उडीदडाळ, मूठभर हरभराडाळ, काही घरांत थोडे गहू किंवा ज्वारी, शिवाय धणे, मेथी, बडीशेप. हे प्रमाण वाडीवाडीला बदलतं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. जात्यावर ते भरड दळायचं. रात्री कढत पाण्यात पीठ मळायचं, गोळ्यात खळगा करून त्यात कांदा ठेवायचा. काही घरांत वर फुललेला निखारा ठेवून त्यावर तेल सोडायचं आणि झाकून टाकायचं. सकाळपर्यंत पीठ किंचित आंबतं. मग केळीच्या पानाला तेलाचा हात लावून त्यावर वडा थापायचा, पुरीपेक्षा जाड, भाकरीपेक्षा लहान, कुठे मधोमध बोटाने भोक पाडून. तांदळाच्या पिठाला स्वतःचा चिवटपणा नाही. उडदाचा चिकटपणा आतली वाफ धरून ठेवतो, म्हणून वडा तेलात टम्म फुगतो. उडीद कमी पडला तर वडा चपटा राहतो, जास्त झाला तर तेल पितो. बाहेरून खरपूस, आत मऊ आणि पोकळ असा वडा रश्शात बुडवला की ती पोकळी भरते. भाकरी रस्सा शोषते. वडा तो आत साठवून घेतो.

हेच वडे पितृपक्षात म्हाळाच्या पानावर काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर असतात. म्हणजे वडा कोंबडीचा गुलाम नाही. तो सणाचा आहे, मग सण देवाचा असो की पितरांचा. उडदाच्या तळलेल्या वड्यांची परंपरा तर फार जुनी. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचा मोठा भाग आहे, आणि त्यात वड्यांचे प्रकार आहेत, मांसाचेही आहेत. पण तो राजवाडा होता. कुणब्याच्या चुलीवर या दोन्हींची जोडी कधी जमली याची नोंद करायला तिथे कोणी लेखनिक बसलेला नव्हता. मराठीतल्या छापील पाककृतींची सुरुवातीची मोठी पुस्तकं शहरांत तयार झाली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० सालचं, आणि त्यात मांसाहाराला मानाची जागा आहे. पण ते पाठारे प्रभूंच्या सुखवस्तू घराचं स्वयंपाकघर आहे. रत्नागिरीच्या वाड्यांमधली विद्या सासूकडून सुनेकडे, हाताने हाताला गेली.

रश्शातला प्रत्येक जिन्नस मात्र इतिहास सांगतो. आज लाल रंगाशिवाय कोंबडीची कल्पना करवत नाही, पण मिरची या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटपणा होता तो मिरीचा आणि आल्याचा. राजापूर हे तेव्हा विजापूरकरांचं गजबजलेलं बंदर. घाटावरचा माल इथे उतरे, मिरीचा व्यापार इथून चाले. त्याच व्यापारासाठी इंग्रजांनी तिथे वखार घातली, आणि सिद्दी जौहरला पन्हाळ्याच्या वेढ्यात तोफांची मदत केली म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ साली ती वखार फोडली. मिरची आल्यावरही मिरी पुरती गेली नाही; जुन्या पद्धतीच्या वाटणात ती आजही चार दाण्यांची का होईना, पण असते.

कांदा, सुकी मिरची, उडीद, धणे हे बहुतांश घाटावरचे. आंबा घाटाने कोल्हापूरकडून, कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडून, अणुस्कुऱ्याने राजापुरात. बैलांच्या पाठीवर हा माल खाली येई आणि मीठ, सुकी मासळी, नारळ, कोकम वर जाई. संकेश्वरी मिरची तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी. दोन्ही आजच्या कर्नाटकातल्या. म्हणजे अस्सल कोकणी म्हटल्या जाणाऱ्या रश्शात कोकणाचं स्वतःचं काय, तर नारळ, तांदूळ, आलं-हळद आणि कोंबडी. त्यातही कोंबडीचं नातं सह्याद्रीशी खोल आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण तिच्या पायांची आणि कातडीची पिवळी छटा आली ती दक्षिण भारतातल्या करड्या रानकोंबड्याकडून, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. हा करडा रानकोंबडा रत्नागिरीच्या घाटमाथ्याच्या रानात आजही पहाटे ओरडतो.

नारळ, तांदूळ आणि कोंबडी हे त्रिकूट रत्नागिरीपुरतं नाही. किनाऱ्याने दक्षिणेला जावं तसं ते रूप बदलत भेटत राहतं. मंगळूरकडे बंट लोकांची कोरी रोट्टी: तांदळाच्या कडक, पातळ पापड्या पानात मोडायच्या आणि वर नारळाच्या रसातली कोंबडी ओतायची. मलबारात मोपळ्यांच्या घरी तांदळाच्या पिठाचे बोराएवढे गोळे उकडून थेट कोंबडीच्या रश्शात सोडतात. रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमानांच्या दस्तरखानावर रश्शासोबत तांदळाची भाकरी असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत म्हातारी कोंबडी मंद आचेवर शिजवून, तिच्या दाट रश्शात मैद्याचे गोळे सोडून अख्ख्या कुटुंबाचं रात्रीचं जेवण एका भांड्यात करण्याची रीत आहे. मुलूख वेगळा, अडचण तीच: कोंबडी एक, तोंडं अनेक.

याच ओघात ब्रह्मदेश आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रजांनी पदच्युत केलेला तिथला राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीत होता. १९१० साली पुरा झालेला त्याचा राजवाडा आजही शहरात उभा आहे. त्याची थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच राहिली, आणि तिची मुलगी टुटू तर मराठी बोलणारी, रत्नागिरीचीच बाई होऊन गेली. ब्रह्मदेशात नारळाच्या रसातल्या कोंबडीत शेवया घालून खातात. रत्नागिरीत तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवतात. दोन्ही किनाऱ्यांनी नारळ पिळण्याची एकच युक्ती ओळखली होती.

या जेवणाला गावाबाहेर काढलं ते मुंबईने. १८८१च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले एक लाखाहून अधिक लोक होते. गिरणीत कामाला लागलेला गडी बायको-मुलांना गावी ठेवून यायचा. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या सामाईक खोल्या असत. पेटी भिंतीला, वळकटी कोपऱ्यात, झोपायला पाळ्या. जेवायला खाणावळ, आणि खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे, कोणातरी गावच्याच बाईचं घर. नवऱ्याची नोकरी गेलेली, किंवा नवराच गेलेला. ती दहा-पंधरा गड्यांना दोन वेळचं जेवण घाले आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. आठवडाभर भाकरी, भात, मासळीचं कालवण, आणि सणावाराला वशाट. गौरीला रजा न मिळालेल्या गिरणी कामगाराच्या ताटात सणाचा वडा पडला तो या बायांमुळे.

या बायांच्या कष्टाची दखल फार उशिरा घेतली गेली. गोव्यात जन्मलेल्या, स्वातंत्र्यलढ्यातून आणि डाव्या चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जं मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ खाणावळींत महिनोन्महिने उधारीवर ताटं वाढली गेली. गिरण्या बंद झाल्यावर ती उधारीही बुडाली. संपाचा इतिहास लिहिताना या बायांच्या डब्यांना आणि टोपांना अजून पुरेशी पानं मिळालेली नाहीत.

खाणावळीतून पुढे मुंबईत हॉटेलं निघाली, आणि पाट्यांवर 'मालवणी' हे नाव आलं. त्याला एक प्रशासकीय बाजू आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडचा सिंधुदुर्ग वेगळा निघाला. तोवर मालवण, कुडाळ, सावंतवाडी ही सगळी रत्नागिरी जिल्ह्यातलीच. नेमकं त्याच सुमारास, १९८० साली, गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणलं. मालवणी बोलीला मुंबईत अशी प्रतिष्ठा आधी कधी मिळाली नव्हती. बोलीच्या मागोमाग मसाला आणि ताटही त्याच नावाने विकलं जाऊ लागलं. गवाणकर स्वतः राजापूर तालुक्यातले, म्हणजे आजच्याही रत्नागिरी जिल्ह्यातले. पण संगमेश्वर, लांजा, गुहागर, खेड इथल्या चुलींवरचे वडे आणि रस्सा त्या एका नावाखाली झाकले गेले. उत्तर रत्नागिरीतला रस्सा पातळ आणि मिरीच्या अंगाने जाणारा, दक्षिणेकडचा दाट आणि भाजक्या खोबऱ्याचा. हा फरक घरात अजून जिभेला कळतो; हॉटेलात तो उरलेला नाही.

दुसरा मोठा बदल पाखराचाच झाला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे तिचं मुख्य ठिकाण झालं, आणि देशभर ब्रॉयलर कोंबडी पसरली. गावठी कोंबडी खाण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते. १९५९च्या सुमारास देशी बनावटीचे प्रेशर कुकर आले होते, सत्तरीत मिक्सर आला. पाटा-वरवंटा मागच्या पडवीत गेला. सणाची कोंबडी रविवारची झाली आणि मग बुधवारचीही. रत्नागिरीतली नोकरी करणारी बाई संध्याकाळी घरी आल्यावर अर्ध्या तासात एका कुकरमध्ये रस्सा करते, फ्रीजमधलं वाटण आणि पाकिटातला नारळरस घालून. वडे थापायला वेळ नसला तर घावणे, नाहीतर भात. गरिबाच्या मुलालाही आठवड्यातून एकदा कोंबडी मिळते, ही गोष्ट लहान नाही. जुन्या चवीच्या आठवणीत रमणाऱ्यांनी ती विसरू नये.

पण रस्सा पातळ झाला, हेही खरं. सहा आठवड्यांच्या पाखराच्या हाडांत आणि सांध्यांत तेवढा चिकटपणाच तयार झालेला नसतो. त्यामुळे रश्शाला तसं अंग येत नाही. मग ते काजूच्या पेस्टने किंवा जास्तीच्या खोबऱ्याने आणायचा प्रयत्न होतो. हॉटेलच्या ताटात चार मोठे तुकडे असतात आणि वाटीत दोन पळ्या रस्सा. पूर्वीच्या ताटात एक तुकडा असे आणि रस्सा हवा तेवढा. पदार्थाचा तोल रश्शाकडून मांसाकडे गेला, आणि वडा नुसता तोंडी लावण्यापुरता उरला. घरांमध्ये मात्र सणाच्या दुसऱ्या दिवशीची न्याहारी अजून टिकून आहे: रात्रीचा मुरलेला रस्सा गरम करायचा, शिळे वडे मोडून त्यात टाकायचे, ते मऊ झाले की वाडग्यातून खायचे. या पदार्थाचं सगळ्यात चांगलं रूप हेच, असं सांगणारे रत्नागिरीत पुष्कळ भेटतील, आणि ते बरोबर सांगतात.

गावठी कोंबडीही संपलेली नाही. गिरिराजा, वनराजा यांसारख्या परसात वाढणाऱ्या सुधारित जाती आल्या, कोंबड्यांना मानमोडीची लस मिळू लागली, आणि बायांच्या हातात पुन्हा चार पैसे येऊ लागले. बचत गट वड्याचं पीठ, मसाला आणि कोकम विकतात. पिठाच्या पाकिटावर घटक लिहिलेले असतात, पण प्रमाण नसतं. ज्यांच्या घरात आजी किंवा आई अजून स्वतः पीठ दळून आणते, त्यांनी तांदूळ किती, उडीद किती, मेथी किती, हे तिच्याजवळ बसून लिहून घ्यावं, गावाच्या आणि वाडीच्या नावासकट. आणि गणपतीत किंवा मे महिन्यात रत्नागिरीकडे जाणाऱ्यांनी आपल्या उतरण्याच्या घरी आदल्या दिवशी फोन करावा. गावठी कोंबडी ऐन वेळी मिळत नाही. ती संध्याकाळी खुराड्यात शिरते तेव्हाच धरावी लागते, आणि वड्यांचं पीठ रात्रीच मळावं लागतं.